काडतुसाचा डेनियर

पाच गोळ्या झाडून दोन प्रकारच्या काडतुसांत डावं-उजवं ठरवता येत नाही. माझ्या मावसभावाशी माझा हा वाद जुना आहे. तो अमेरिकेत ओहायो राज्यात असतो, तिथल्या क्लबात पिस्तूल नेमबाजी करतो आणि सरावाची काडतुसं घरीच भरतो. तळघरात एक हातप्रेस, एक नाजूक तराजू आणि वापरलेल्या पितळी पुंगळ्यांनी भरलेले डबे. रेंजवर गेला की पिस्तुलाच्या पुढे वेगमापक मांडतो, गोळ्या झाडतो आणि आकड्यांचा फोटो मला पाठवतो. "दादा, ही नवी दारू जुनीपेक्षा सरस निघाली, बघ." मी बघतो. एका रांगेत पाच आकडे, दुसऱ्या रांगेत पाच. मी कळवतो, "अरे, यातून अजून काहीच कळलेलं नाही."

मी मोहन्यात असतो. कल्याणहून कसाऱ्याच्या गाडीत बसलं की शहाडनंतर आंबिवली, आणि तिथून चालत आमचं गाव. आम्ही दोघं वाढलो ते इथल्या एनआरसीच्या, म्हणजे नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनच्या सावलीत. त्याचे वडील स्पिनिंगमध्ये होते, माझे आप्पा टेस्टिंग लॅबमध्ये. मी पुढे कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं, तो इंजिनियर होऊन बाहेर गेला. काडतूस भरणं मी कधी केलेलं नाही आणि करणारही नाही. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणं हा गुन्हा आहे, आणि तो तसा असावा असंच माझं मत आहे. पण आकडे कुठूनही आले तरी त्यांच्याशी बोलायची रीत एकच असते. ती रीत आम्ही दोघांनीही मोहन्यातच पाहिली होती. म्हणून त्याचे आकडे मला परके वाटत नाहीत.

आधी काडतुसाबद्दल. त्याचे भाग चार: पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेला प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी शिशाची गोळी. घोड्याचा आघात प्रायमरवर होतो, त्याची ठिणगी दारूला लागते, दारूचा वायू होतो आणि तो गोळीला नळीतून ढकलतो. झाडून झाल्यावर उरते ती पुंगळी. काडतुसात सगळ्यात महाग तीच, म्हणून ती गोळा करून, पुन्हा मूळ मापात आणून, नवा प्रायमर, नवी दारू आणि नवी गोळी बसवायची. हेच हातानं भरलेलं काडतूस. माझा भाऊ वापरतो ते .३८ स्पेशल नावाचं माप. गोळी १४८ ग्रेनची, म्हणजे साडेनऊ ग्रॅमच्या आसपास, आणि पुढून सपाट, म्हणजे कागदी लक्ष्यावर भोक स्वच्छ गोल पडतं. वेग सेकंदाला साधारण ७२० फूट, म्हणजे २२० मीटर. आवाजाच्या वेगापेक्षा बराच कमी. स्पर्धेतल्या नेमबाजाला जोर नकोच असतो. त्याला हवा असतो तो हलका, सौम्य आणि प्रत्येक वेळी हुबेहूब सारखा धक्का.

आणि इथेच अडचण आहे. .३८ स्पेशलची पुंगळी १९व्या शतकाच्या अखेरीस काळ्या दारूसाठी बेतलेली होती. काळी दारू जागा पुष्कळ खाते, म्हणून पुंगळी लांब. आजची बिनधुराची दारू कितीतरी जोरकस, त्यामुळे त्या लांब पुंगळीत ती तळाशी थोडीशीच पडते. वर सगळी पोकळी. दारूचे कण कधी प्रायमरच्या बाजूला गोळा होतात, कधी गोळीच्या बाजूला सरकतात. पिस्तूल खाली करून मग नेमाला आणलं की दारू पुढे, वर करून खाली आणलं की दारू मागे. तेवढ्यावरून वेगात सहज दिसेल असा फरक पडतो. वजन तेच, कंपनी तीच, हात तोच, तरी आकडे वेगळे. माझ्या भावानं पहिल्यांदा वेग मोजले तेव्हा त्याला वाटलं तराजू बिघडला. तराजू ठीक होता. तो दर गोळीला पिस्तूल वेगळ्या पद्धतीनं उचलत होता.

वेग कमी-जास्त होण्याची बाकीची कारणं अशीच बारीक आहेत: प्रायमरची जात, गोळी पुंगळीत किती खोल बसली, पुंगळीच्या तोंडानं ती किती घट्ट धरली, पितळ कितव्यांदा वापरलंय, नळी थंड आहे की तापलेली, आणि हवा किती गरम आहे. गरम दारू लवकर जळते. ओहायोत जानेवारीत रेंजवर पाणी गोठतं आणि जुलैत घामाच्या धारा लागतात. एकच डबा दोन ऋतूंत दोन वेग दाखवतो. त्यानं एकदा एक दारू हिवाळ्यात तपासली होती आणि दुसरी उन्हाळ्यात, आणि मग दोन्हींची तुलना मांडली होती. त्या तक्त्यात दारूंची तुलना होती की ऋतूंची, हे कुणालाही सांगता आलं नसतं.

आता ही दारू म्हणजे काय, ते मला मोहन्यातून सांगितल्याशिवाय राहवत नाही. बिनधुराच्या दारूचा पाया नायट्रोसेल्युलोज. १८४६ साली बासेलच्या श्योनबाइननं कापूस नायट्रिक आणि गंधकाच्या आम्लांत बुडवून गनकॉटन केला. १८८४ मध्ये फ्रान्सच्या व्हिएयनं त्यालाच ताब्यात आणून बंदुकीत चालेल अशी दारू बनवली. त्याच नायट्रोसेल्युलोजचा द्राव बारीक छिद्रांतून ओढून शार्दोने या फ्रेंच माणसानं कृत्रिम रेशीम काढलं आणि १८८९ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात मांडलं. म्हणजे जगातलं पहिलं रेयॉन आणि आधुनिक दारू ही एकाच रसायनाची दोन रूपं. शार्दोनेच्या धाग्यातला नायट्रो भाग नंतर काढून टाकावा लागे, नाहीतर अंगावरचं कापड भडकन पेटायचं. पुढे १८९२ मध्ये क्रॉस, बेव्हन आणि बीडल या इंग्रजांनी व्हिस्कोजची रीत शोधली: लाकडाचा लगदा, कॉस्टिक सोडा, कार्बन डायसल्फाइड आणि शेवटी आम्लाची आंघोळ. ती रीत टिकली. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या आमच्या एनआरसीत तीच होती, आणि शहाडच्या सेंच्युरी रेयॉनमध्येही तीच. सडक्या अंड्यासारखा तो वास ज्यानं मोहन्यात घेतलाय त्याला व्हिस्कोज पुस्तकातून शिकवावं लागत नाही.

सेल्युलोज हा झाडाचा सांगाडा. त्याचा धागा होतो, त्याची दारूही होते. आणि दोन्हीकडे कारखानदाराचा खरा कस लागतो तो एकाच ठिकाणी: सारखेपणा राखण्यात.

आप्पांचं काम तेच होतं. रेयॉनच्या धाग्याची जाडी डेनियरमध्ये मोजतात. नऊ हजार मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितके डेनियर. ठरावीक लांबीची लडी गुंडाळायची, तोलायची, वहीत आकडा. मग दुसरी, मग तिसरी. दीडशे डेनियरचा माल असला आणि सरासरी दीडशे आली, की बाहेरच्या माणसाला वाटतं झालं काम. आप्पा म्हणायचे, सरासरी काय, एक लडी एकशे चाळीस आणि एक एकशे साठ असली तरी येते. भिवंडीच्या मागावर तो धागा गेला की बारीक जागी तुटतो, आणि रंगवल्यावर कापडावर पट्टे उमटतात. गिऱ्हाइकाची तक्रार सरासरीबद्दल कधी नसायची, असायची ती पसाऱ्याबद्दल. त्यांच्या वहीत सरासरीच्या शेजारी नेहमी एक दुसरा आकडा असायचा: मापं सरासरीपासून किती विखुरली. मी प्रमाण विचलन कॉलेजात सूत्रानं शिकलो, पण ते काय असतं हे मला आठवी-नववीतच माहीत होतं. २००९ मध्ये कंपनी बंद पडली, तोवर आप्पा निवृत्त झाले होते. वह्या मी ठेवल्या आहेत.

गोळीचा वेग मोजणं ही कल्पनाच माणसाला फार उशिरा सुचली. गॅलिलिओनं गोळ्याचा मार्ग परवलयाकार सांगितला आणि शंभरेक वर्षं तोफखान्याचे तक्ते त्यावरच चालले, पण गोळी किती वेगानं जाते हे कुणी मोजलं नव्हतं. १७४२ मध्ये बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञानं मोजलं, आणि साधन घेतलं ते अगदी साधं: टांगलेला जड लाकडी लंबक. गोळी लाकडात रुतते, लंबक मागे झुलतो, तो किती झुलला ते एका फितीवर मोजायचं. गोळीचं वजन माहीत, लंबकाचं वजन माहीत. संवेग अक्षय असतो, मग वेग हिशेबानं निघतो. अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्रात हे उदाहरण अजून सोडवायला देतात. रॉबिन्सनं लंबक बंदुकीजवळ ठेवून मोजलं, मग दूर नेऊन मोजलं, आणि दाखवून दिलं की हवा गोळीला अडवते ती कुणी धरली होती त्याच्या कितीतरी पट जास्त. परवलय कागदावर राहिलं. रॉबिन्सनं हे ज्या पुस्तकात मांडलं, ते ऑयलरनं जर्मनमध्ये आणलं. हा रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा मुख्य इंजिनियर होऊन आपल्याकडे आला आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये वारला. ते उदाहरण सोडवणाऱ्या मुलांना हे कुणी सांगत नाही. मी मात्र दरवर्षी सांगत असे.

पुढे १९व्या शतकात बेल्जियमच्या ल बूलांजेनं आणखी सुंदर युक्ती काढली. गोळीच्या वाटेत तारांच्या दोन जाळ्या. पहिली तार तुटली की एक दांडा विद्युत्चुंबकातून सुटून खाली पडू लागतो. दुसरी तुटली की दुसरा दांडा सुटतो, आणि तो एका सुरीचा चाप दाबतो. सुरी पहिल्या, अजून पडत असलेल्या दांड्यावर खूण करते. दांडा किती पडला ते मोजलं की किती वेळ गेला ते कळलं. घड्याळ म्हणून त्यानं गुरुत्वाकर्षण वापरलं, आणि ते घड्याळ कधी मागे पडत नाही.

आज माझ्या भावाकडे आहे ते खोबणीत बसवलेल्या दोन प्रकाशसंवेदकांचं यंत्र. गोळीची सावली पहिल्यावरून जाते, मग दुसऱ्यावरून, आणि मधला वेळ यंत्र मोजतं. दोघांत अंतर ३० सेंटिमीटर धरलं तर २२० मीटर वेगाच्या गोळीला ते ओलांडायला १.४ मिलिसेकंदांहून थोडासाच कमी वेळ लागतो. मोजणारा स्फटिक तेवढा वेळ अचूक मोजतो. चुकतं ते अंतर. संवेदक एक मिलिमीटरनं सरकला की प्रत्येक आकडा एक तृतीयांश टक्क्यानं खोटा. ढगामुळे उजेड अचानक बदलला की एखादं वाचन हुकतं. आणि यंत्र नळीच्या फार जवळ ठेवलं की गोळीच्या आधी सुटलेला वायू आणि जळके कणच सावली पाडतात. यंत्र गोळीचा वेग म्हणून धुराचा वेग सांगतं. यामुळेच ते चार-पाच पावलं पुढे ठेवायचं असतं. आता डॉप्लर रडारवर चालणारी छोटी यंत्रं आली आहेत, ती नळीच्या बाजूला ठेवता येतात आणि ढगाशी त्यांना देणंघेणं नाही. भाऊ ते घ्यायचं म्हणतो.

मापाच्या कडेला चूक शिरते, हे मी एका साताऱ्याच्या माणसाकडून शिकलो. बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे. पिकाचा उतारा काढायला शेतातला छोटा तुकडा कापून तोलतात. १९४० च्या दशकात सुखात्म्यांनी दाखवलं की तुकडा फार लहान घेतला तर उतारा खऱ्यापेक्षा जास्त येतो, कारण कडेवरची रोपं कापणारा नकळत आत ओढून घेतो. तुकडा लहान तितकी कड मोठी. अख्ख्या देशाच्या धान्याचा अंदाज या कडेनं फुगू शकतो. वेगमापक नळीजवळ ठेवणाऱ्याला मी हेच सांगतो: तू कडेवर मोजतो आहेस.

आता मूळ वादाकडे येऊ. पाच गोळ्या का पुरत नाहीत?

समजा एका दारूनं भरलेल्या काडतुसांचं प्रमाण विचलन सेकंदाला १२ फूट आहे. हातानं भरलेल्या पिस्तुलाच्या काडतुसाला हा आकडा वावगा नाही. दुसरी दारूही तशीच. आणि समजा दोन्हींच्या सरासरींत १० फुटांचा फरक आला. प्रत्येकी पाच गोळ्या असतील, तर एकच दारू दोनदा मोजली असती तरी एवढा फरक सहज आला असता. प्रत्येकी तीस असतील, तर तो १० फुटांचा फरक खरा मानायला हरकत नाही. फरक तोच. बदलली ती फक्त त्याला साक्ष देणाऱ्या गोळ्यांची संख्या.

पसाऱ्याचं तर याहून वाईट. पाच गोळ्यांवरून काढलेलं प्रमाण विचलन हातात घेतलं, तर खरं विचलन त्याच्या ०.६ पटीपासून जवळजवळ २.९ पटीपर्यंत कुठेही असू शकतं. शंभरातल्या पंचाण्णव वेळा एवढंच म्हणता येतं. दहा गोळ्या झाडल्या तर ती रुंदी ०.७ ते १.८ पट, तीस झाडल्या तर ०.८ ते १.३ पट. म्हणजे पाच गोळ्यांत ज्या दारूचं विचलन ६ आलं आणि ज्या दारूचं १४ आलं, त्या दोन्ही एकाच डब्यातल्या असू शकतात. भाऊ वर्षानुवर्षं ६ आलेल्या डब्यावर प्रेम करत होता. नेमबाज मंडळी बहुतेक वेळा सगळ्यात वेगवान आणि सगळ्यात मंद गोळीतला फरक सांगतात. तो सांगायला सोपा, पण गोळ्या वाढवल्या की आपोआप वाढतो: सरासरीनं पाच गोळ्यांत विचलनाच्या २.३ पट, दहात ३.१ पट, वीसात ३.७ पट. ज्यानं पाचच झाडल्या तो नेहमी सरस दिसणार. कमी कष्ट करणाऱ्याला जास्त गुण देणारं हे माप मला कधीच आवडलं नाही.

छोट्या नमुन्याचं हे गणित डब्लिनच्या गिनेस मद्यकारखान्यात काम करणाऱ्या विल्यम गॉसेटनं १९०८ मध्ये मांडलं, स्टुडंट या टोपणनावानं. त्याच्यापुढे प्रश्न बार्लीचा आणि बिअरचा होता: मोजायला नमुने थोडे, आणि निर्णय तर घ्यायचाच. त्यानं थोड्या नमुन्यांतून जास्त माहिती काढली नाही. थोड्या नमुन्यांत किती अज्ञान शिल्लक आहे, ते मोजून दाखवलं. मी आयुष्यभर शिकवलेल्या गोष्टींत ही मला सगळ्यात उदात्त वाटते. आपण किती जाणत नाही त्याला आकडा देणं, आणि मग त्या आकड्याशी प्रामाणिक राहणं.

एवढं सगळं मान्य केल्यावर भावानं मला जो प्रश्न विचारला, त्याचं उत्तर शोधताना मलाही नवं कळलं. "दादा, पण पंचवीस मीटरवर या फरकानं होतं काय?" आम्ही हिशेब मांडला. सेकंदाला २२० मीटर वेगाची गोळी २५ मीटर जायला ०.११४ सेकंद घेते, तेवढ्या वेळात ती सव्वासहा सेंटिमीटरच्या आसपास खाली पडते; ती पड गृहीत धरूनच नेमाचं साधन लावलेलं असतं. आता एक गोळी सरासरीपेक्षा २४ फूट मंद निघाली, म्हणजे दोन विचलनं खाली. ती आणखी किती पडेल? साडेचार मिलिमीटरच्या आसपास. २५ मीटरच्या अचूकता लक्ष्यावर दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटर व्यासाचं असतं. आणि सरासरीतल्या ज्या १० फुटांच्या फरकावर आमचा वाद चालला होता, त्यानं दोन मिलिमीटरही फरक पडत नाही. उलट मंद गोळी नळीत क्षणभर जास्त थांबते, तोवर धक्क्यानं नळी वर उचललेली असते, म्हणून ती किंचित वरच्या दिशेनं सुटते आणि ती पड काही अंशी भरून निघते. पिस्तुलात जवळच्या अंतरावर मंद गोळी कधीकधी वेगवान गोळीपेक्षा वर लागते ती याच कारणानं. म्हणजे पंचवीस मीटरवरचा गुण ठरवण्यात वेगाचा वाटा अगदी थोडा. हाताचा, चापाचा आणि श्वासाचा फार मोठा.

मग मोजायचं कशाला? मला दोन कारणं पटतात, आणि पहिलं जिवाचं आहे. या दारूचं माप इतकं थोडं असतं, जेमतेम दीड गुंजेचं, की चुकून दोनदा पडलं तरी लांब पुंगळीत मावून जातं आणि वरून गोळी निमूट बसते. ते काडतूस पिस्तूल फोडू शकतं. उलट दारू पडलीच नाही, तर नुसत्या प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत अर्ध्यावर अडकते, आणि तिच्यामागून पुढची झाडली तर नळी फुटते. म्हणून प्रत्येक पुंगळीत दिव्याखाली डोकावून बघायचं, एकही न वगळता. वेगमापक इथे पहारेकरी असतो: आकडा अचानक घसरला किंवा चढला की हात थांबवायचा आणि सगळी तुकडी बाजूला ठेवायची. याबाबत भाऊ अतिशय कडक आहे. एका संशयास्पद आकड्यानंतर त्यानं अख्खा डबा मोडून टाकला, ते मला त्याच्या कुठल्याही गुणांपेक्षा मोलाचं वाटलं.

दुसरं कारण म्हणजे आपला हात किती सारखा आहे ते कळणं. पसारा कमी होत गेला, तर तराजूवरचा हात, प्रेसवरचा हात, गोळी बसवायची खोली यांत शिस्त येते आहे. ते गुणफलकावर दिसणार नाही. आप्पांच्या वहीतही दिसायचं ते हेच: कुठल्या पाळीत धागा सरळ चालला आणि कुठल्या पाळीत नाही.

५० मीटर रायफलच्या खेळात मात्र वेगाचा पसारा गुणफलकावरच येतो. .२२ ची गोळी सेकंदाला ३३० मीटरच्या आसपास सुटते आणि ५० मीटरवर जाईतो बारा सेंटिमीटर पडते. वेग दीड टक्क्यानं कमी-जास्त झाला तर साडेतीन मिलिमीटरचा फरक. इथे दहाचं वर्तुळच १०.४ मिलिमीटर व्यासाचं, आणि अंतिम फेरीत गुण दशांशात मोजतात: ०.८ मिलिमीटर बाहेर गेलात की एक दशांश गेला. साडेतीन मिलिमीटर म्हणजे चार दशांशांहून जास्त. आणि .२२ चं काडतूस हातानं भरता येत नाही; त्याचा स्फोटक थर पुंगळीच्या कडेतच ओतलेला असतो. मग नेमबाज काय करतो? तो लॉट, म्हणजे कारखान्यातली एकेक खेप, निवडतो. बर्मिंगहॅमच्या एलीसारख्या कारखान्यात एकेका लॉटमधली काडतुसं, नेमबाजाचीच नळी शिकंज्यात घट्ट पकडून, ५० मीटरवर झाडून पाहतात. जो लॉट त्या नळीतून सगळ्यात जवळजवळ भोकं पाडतो, तो विकत घेतात. नळी एक, लॉट अनेक, गोळ्या भरपूर. यात फक्त वेग बघत नाहीत, गोळी लागते कुठे ते बघतात, आणि तेच बरोबर आहे.

१ ऑगस्ट २०२४ ला स्वप्नील कुसाळेनं पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांवर कांस्यपदक मिळवलं, तेव्हा मी टीव्हीसमोर बसून दशांश मोजत होतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा मुलगा, तेव्हा आमच्या मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस. कोल्हापूरनंच तेजस्विनी सावंत दिली, २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोनची विश्वविजेती. आणि राही सरनोबत, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण. त्यांच्या गुणांच्या मागे कुणीतरी कुठल्यातरी शिकंज्यासमोर बसून कंटाळवाण्या, एकसारख्या शंभर गोळ्या झाडलेल्या असतात, हे टीव्हीवर येत नाही. माझं लक्ष मात्र त्याच माणसाकडे जातं.

यंदा भावानं माझं ऐकलं. जुनी दारू आणि नवी दारू, प्रत्येकी तीस काडतुसं. एकाच कंपनीच्या आणि सारख्या वेळा वापरलेल्या पुंगळ्या, एकाच डब्यातले प्रायमर. मी इथून साठ चिठ्ठ्यांचा क्रम काढून पाठवला, म्हणजे आधी सगळी जुनी आणि मग सगळी नवी असं होऊ नये. नाहीतर नळी तापत जाते आणि ते तापणं दुसऱ्या दारूच्या खात्यावर पडतं. प्रत्येक गोळीआधी पिस्तूल एकाच पद्धतीनं उचलायचं: आधी नळी वर, मग हळू खाली. काडतुसं त्याच्या बायकोनं क्रमानं हातात दिली, त्याला कुठलं कोणतं ते न सांगता. वेगमापक पंधरा फुटांवर, सकाळी, ढगाळ हवेत. दोन आकडे यंत्रानं हुकवले. ते त्यानं तसेच मोकळे ठेवले, अंदाजानं भरले नाहीत.

सरासरीत नवी दारू किंचित वेगवान निघाली, आणि फरक खरा मानण्याजोगा होता. पसाऱ्यात मात्र दोघींत काहीही निवड करता आली नाही. तो थोडा हिरमुसला. नवीचा डबा महाग होता. मी त्याला लिहिलं की पसाऱ्यात दोन्ही दारूंत फरक दिसला नाही हे कळणं हेही उत्तरच आहे, आणि त्याला आता जुनीच वापरायला हरकत नाही. त्यानं ते मानलं. मग दोन दिवसांनी विचारलं, "हे थंडीत तपासलं. जुलैमध्ये पण असंच येईल का?" मी लिहिलं, ते मला सांगता येणार नाही, दोन्हींची आणखी तीस-तीस भरून ठेव. उन्हाळ्यासाठी चिठ्ठ्यांचा नवा क्रम मी काढला आहे.